छावणी मोडली, कुत्री उरली

दुष्काळ संपला त्या वर्षी आमच्या घरात तीन कुत्री आली आणि सासू-सासऱ्यांचं बोलणं बंद झालं. मी त्या घरात नवी सून होते. सांगलीत भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेली, समोरून कुत्रं आलं की रस्ता बदलणारी. नवरा फौजेत, अंगाची हळद उतरायच्या आत रजा संपवून पठाणकोटला निघून गेलेला. घरात उरलो आम्ही तिघं. सासऱ्यांना आमच्यात मामंजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. या दोघांचा अबोला असला की सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालायचा. आत्याबाई म्हणायच्या, "सूनबाई, त्यास्नी सांग, पाणी तापलंय." मामंजी हातभर अंतरावर दाढी करत बसलेले असायचे. मी सांगायची, "मामंजी, पाणी तापलंय." ते आरशात बघतच म्हणायचे, "ऐकलं म्हणावं."

तर ही कुत्री आली कुठून, ते आधी सांगते.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. दुष्काळात आमच्याकडे फार सुबत्ता होती असं नाही, पण नदी होती, थोडाफार ऊस होता आणि तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाडं, गुरांपुढं टाकायला मिळत होतं. म्हणून गावाच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. माण तालुक्याकडची दुष्काळी माणसं गुरं घेऊन आली आणि गुरांच्या मागं, कुणी न बोलावता, कुत्रीही आली. मामंजी सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गावानं छावणीचा कारभार त्यांच्यावर सोपवला आणि त्यांच्या अंगात पुन्हा जोम आला. सकाळी शिट्टी, संध्याकाळी हजेरी. सुभेदारांच्या छावणीत बैलसुद्धा ओळीत उभे राहतात असं लोक सांगायचे. मी जाऊन पाहिलं होतं. बैल वाटेल तसेच उभे होते, पण मामंजी बघत असले की शेपटी जरा कमी हलवायचे, एवढं खरं.

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं आणि छावणी मोडली. ट्रक आले, गुरं चढली, माणसं चढली. कुत्र्यांना ट्रकात कोण घेणार? ज्यांच्या पायात बळ होतं ती ट्रकांमागं धावत गेली. तीन उरली. एक तांबडा लंगडा, त्याला धावता येत नव्हतं. एक काळा, त्याला धावता येत होतं पण कुणामागं धावायचं ते कळत नव्हतं, कारण त्याचा मालक छावणीतच बैल विकून मुंबईला गोदीत गेला होता. आणि तिसरी एक म्हातारी कुत्री. तोंड पांढरं झालेलं, दात झिजलेले, कान ठार बंद. तिला ट्रक गेल्याचंच कळलं नाही. उठली तेव्हा माळ रिकामा होता.

मामंजी तिघांना घेऊन घरी आले. आत्याबाई दारातच उभ्या होत्या.

"सूनबाई, त्यास्नी इचार, ही कुणाची पावणी?"

"सरकारी छावणीतली हायेत म्हणावं," मामंजी मला म्हणाले. "वाऱ्यावर सोडता येत न्हाईत."

आत्याबाईंच्या कोंबड्या होत्या. अंड्यांवर बसलेल्या एका कोंबडीला काळ्यानं पहिल्याच दिवशी खुराड्यातून हुसकावलं आणि निम्मी अंडी फस्त केली. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी निर्णय जाहीर केला, माझ्याकडे बघत, पण आवाज पार वेशीपर्यंत जाईल असा. यात्रेला पाव्हणे यायच्या आत तिन्ही कुत्री घराबाहेर. नाहीतर त्या शिराळ्याला माहेरी.

यात्रेची मुदत त्यांनी उगाच घातली नव्हती. आमची यात्रा पौषात. यात्रेआधी पंचायत गाव झाडून घ्यायची, देवळाला चुना लावायची आणि बेवारशी कुत्र्यांना लाडू घालायची. त्या लाडवांत काय असायचं ते सांगायला नको. कुणाच्या दारातलं, कुणी आपलं म्हटलेलं कुत्रं असेल तर ते वाचायचं. मालक ते घरात बांधून ठेवायचा. बाकीची सकाळी गाडीत भरून न्यायचे. मामंजींना हे माहीत होतं, आत्याबाईंना माहीत होतं, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

मामंजींनी मग कुत्र्यांसाठी घरं शोधायला घेतली. दुसरा कुणी असता तर त्यानं चार लोकांना सांगितलं असतं, कुत्रं न्या बाबांनो. मामंजींनी भरती काढली. भरती कुत्र्यांची नाही, माणसांची. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, भरती म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओसरीवर त्यांची लोखंडी घडीची खुर्ची मांडली जायची. कुत्रं मागायला येणारा समोर उभा. बसायला सांगायचं नाही. मी चहा घेऊन गेले तर मामंजी हातानं मला थांबवायचे. चहा पास झाल्यावर.

पहिला आला तो एक बागायतदार. त्याला उसात राखणीला कुत्रं हवं होतं.

"रातभर साकळीनं बांधीन सुभेदार. माणूस फिरकणार न्हाई."

"तू सवता एक रात बांधून घे," मामंजी म्हणाले. "मग ये. अनफिट."

दुसरा बैलगाडीतून आला. मामंजी त्याच्याशी बोललेच नाहीत. सरळ गाडीकडे गेले आणि बैलांच्या मानेवरून हात फिरवला. जू घासून एका बैलाचा खांदा सोललेला होता. "ह्येला आधी हळद लाव," म्हणाले, आणि परत येऊन खुर्चीत बसले. तो माणूस तसाच गाडी वळवून गेला. जाताना काय पुटपुटला ते मी ऐकलं, पण इथं लिहिता येणार नाही.

सगळ्यात अवघड परीक्षा रागाची असायची. उमेदवार पास होत आला की मामंजी मुद्दाम त्याचा अपमान करायचे आणि त्याचे हात-पाय बघत राहायचे. हात उगारतोय का, पाय आपटतोय का. पंचायतीतल्या एका बड्या माणसाच्या मेव्हण्याला ते म्हणाले, "तुजी मिशी उसनी दिसतीया." मेव्हणा लालबुंद झाला आणि त्यानं जवळ बसलेल्या लंगड्याला पाय लावला. त्या घराशी आमचं येणं-जाणं पुढं बरीच वर्षं बंद होतं. यात्रेच्या जेवणालाही बोलावणं आलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, त्यास्नी सांग, आता गावात बोलायला मीच उरलीया, आन् मी तर बोलत न्हाई."

पण माणसं मिळाली. शेजारच्या गावातले एक निवृत्त नाईक मिशीच्या परीक्षेत खो खो हसले आणि म्हणाले, "उसनी कुठली सुभेदार, बायकूनं दिलीया." लंगडा त्यांना मिळाला. काळा मिळाला पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला. हा माणूस सगळ्या प्रश्नांना "व्हय" एवढंच म्हणायचा, पण त्यानं बोलता बोलता कमरेची अर्धी भाकरी काढून काळ्याला घातली होती. मामंजींनी ते पाहिलं आणि पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

आणि इथंच घोटाळा झाला.

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. बैल द्यायचा असला तरी घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. आपलं सोडून घ्यायचं आणि घरात खुंटीला टांगायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. मामंजींनी सुंभाची दावी तिन्ही कुत्र्यांना केली होती. त्यांनी रीतसर लंगड्याचं दावं सोडलं, नाईकांनी आपलं बांधलं. काळ्याचंही तसंच. दोन्ही दावी ओसरीवरच्या खुंटीला गेली. कुत्री ज्या पोत्यांवर निजायची ती पोतीही खुंटीखाली तशीच राहिली. कुणाच्या डोक्यात आलं नाही की कुत्रं म्हणजे बैल नव्हे.

दुसऱ्या दिवशी सांजेला लंगडा परत. तीन पायांवर दोन गावांमधला माळ तुडवून आला आणि खुंटीखाली आपल्या पोत्यावर जाऊन पडला. काळ्याची तर मजाच. तो नावाड्याचा कुत्रा, त्याला नावेत कोण अडवणार? सकाळी पहिल्या खेपेला माणसांबरोबर नावेत चढायचा, आमच्या काठावर उतरायचा आणि चहाच्या वेळेला घरी हजर. त्याचा नवा मालक रोज आपल्या हातानं वल्हं मारून त्याला परत आणून पोचवत होता आणि त्याला पत्ता नव्हता. गावात लोक विचारायला लागले, "काय सुभेदार, लेकी माहेरपणाला आल्या जणू?"

मामंजींना मात्र अभिमान वाटत होता. "शिपाई ठाणं सोडत न्हाई," ते मला सांगायचे. मी हे आत्याबाईंपर्यंत पोचवलं नाही. काही निरोप मधेच गिळायचे असतात, एवढं मी तोवर शिकले होते.

नाईक लंगड्याला न्यायला यायचे, जेवून जायचे. नावाडी काळ्याला न्यायला यायचा, तोही जेवून जायचा. दुसऱ्या दिवशी कुत्री परत, तिसऱ्या दिवशी माणसं परत. भाकऱ्या थापून माझे हात भरून यायला लागले. शेवटी एकदा दोघंही एकाच दिवशी आले, दोघांच्या पंगतीला मामंजी बसले, आणि नाईक म्हणाले, "वैनी, झुणका फक्कड झालाय."

आत्याबाई उठल्या. ओसरीवर गेल्या. खुंटीवरची दावी ओढून काढली, खालची पोती गोळा केली आणि सगळा गठ्ठा पंगतीत आणून टाकला. पोत्यातला धुरळा झुणक्यात गेला.

"न्या ही दावी! न्या ही पोती! ही कुत्री आन् ह्यांचं समदं बिऱ्हाड घिऊन जावा, माझ्या घरात ह्यांची एक काडी ठिवू नगा!"

मामंजी घास हातात धरून म्हणाले, "दावं? अगं, घरची बरकत..."

"ह्या घरची बरकत दाव्यात न्हाई. माझ्या हातात हाय."

किती दिवसांनी त्या थेट त्यांच्याशी बोलल्या होत्या, पण तेव्हा हे लक्षात आणून द्यायची माझी हिंमत झाली नाही. पाहुण्यांनी मुकाट्यानं दावी-पोती उचलली. आणि नवल म्हणजे कुत्री परत आली नाहीत. आपलं पोतं, आपला वास, आपलं दावं जिथं, तिथंच ती निजू लागली. काळा पुढं नावेत यायचा खरा, पण खाली उतरायचा नाही. काठावर मला बघून शेपूट हलवायचा आणि तसाच परत जायचा. मामंजींनी श्रेय स्वतःच्या निवडीला दिलं. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि भांडी जरा जास्त जोरानं घासली.

राहिली म्हातारी.

तिला मागायला कुणी आलंच नाही. कोण येणार? ती भुंकायची नाही, धावायची नाही, हाक मारली तर ऐकायची नाही. दिवसभर उन्हात झोपायची. बांधलं की बारीक आवाजात रडायची आणि थांबायची नाही, म्हणून मामंजी तिला मोकळीच सोडायचे. मग ती हळूहळू एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलापर्यंत जायची आणि तिथं जे पडेल ते, कुणी टाकेल ते, खायची. काहीही खायची. मला कुत्र्यांची भीती वाटायची, पण हिची कधी वाटली नाही. मी अंगण सारवायला घेतलं की ती येऊन ओल्या सारवणावर बसायची आणि मीच तिला तिच्या जागेवरून उठवतेय अशा नजरेनं माझ्याकडे बघायची.

यात्रा जवळ आली तशी मामंजींनी भरतीची अट सैल केली. आधी बैलांचे खांदे बघणं बंद केलं, मग मिशीवरून बोलणं सोडलं. मग खुर्ची सोडून तेच घरोघर हिंडायला लागले. हे मला बघवत नव्हतं. ज्या माणसानं लोकांना ओसरीवर ताटकळत उभं केलं, तो आता लोकांच्या ओसरीवर उभा राहून म्हणत होता, "लय गरीब हाय. काय बी खाती."

लोणंदला त्यांचे एक पलटणीतले जोडीदार होते. त्यांच्याकडे म्हातारीला न्यायचं ठरलं. एस. टी.च्या कंडक्टरनं कुत्रं आत घ्यायला साफ नकार दिला. सामान टपावर, असं म्हणाला. तेव्हा मामंजी म्हातारीला काखेत मारून मागच्या शिडीनं टपावर चढले आणि कुणाच्या तरी कांद्याच्या पोत्यांत तिच्या शेजारी बसले. कंडक्टर खालून ओरडत होता. मामंजी म्हणाले, "मी सामान हाय. चल." फेटा घट्ट धरलेले सुभेदार आणि पांढऱ्या तोंडाची कुत्री गावातून निघाली तेव्हा स्टँडवरची सगळी माणसं हसून लोळायची बाकी होती. मीही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहिल्या.

सांजेला दोघं परत. जोडीदार आनंदानं तयार होते, पण त्यांच्या सुनेनं आतून भांडी आदळायला सुरुवात केली. मामंजी मला म्हणाले, "त्या भाषेतलं मला आता समदं कळतं."

यात्रेच्या दोन दिवस आधी पंचायतीचा शिपाई येऊन गेला. मामंजींना मानायचा तो, पार चपला काढून ओसरीखाली उभा राहिला. "सुभेदार, उद्या लाडू पडणार. तेवढी म्हातारी... बगा." मामंजींनी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आत्याबाईंनी मला ताट झाकून ठेवायला सांगितलं, आणि पहिल्यांदाच निरोप काही दिला नाही.

सकाळी उजाडताच मामंजींनी खुर्ची मांडली. स्वच्छ धोतर, कडक फेटा. म्हातारी पायाशी. शेवटची भरती आहे असं त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि दारातून मला ओसरी दिसत होती. ऊन अंगणात आलं. रस्त्यानं माणसं गेली, काहींनी रामराम केला, आत कुणी वळलं नाही. मामंजी तसेच ताठ बसले होते. मला इतकं वाईट वाटत होतं की तव्याकडं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात आत्याबाईंनी पदराला हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागच्या दारानं निघून, घराला वळसा घालून, पुढच्या अंगणातून येऊन खुर्चीसमोर उभ्या राहिल्या.

"काय गं?" मामंजी म्हणाले.

"भरतीला आलीया."

"चेष्टा करतीस व्हय?"

"इचारा की. गावातल्या समद्यास्नी इचारलं. मलाच तेवढं न्हाई इचारलं."

मामंजींनी घसा खाकरला. मला वाटलं उठून जातील. पण समोर उमेदवार उभा होता आणि ते सुभेदार होते.

"घरात भाकरी कोण करतं?"

"मी. आता सून बी करती, पर तिची जाड हुती."

"कोंबड्या हायेत का?"

"हायेत. हिला दात हायेत का?"

"तुजी मिशी..." म्हणून मामंजी अडखळले. दुसरं काही त्यांना सुचेना. मग शेवटचा प्रश्न, जो घरोघर लोक त्यांनाच विचारत आले होते, तो त्यांनी विचारला. आवाज खाली गेला होता. "ही म्हातारी हाय. हिला ऐकू येत न्हाई. राखण करायची न्हाई. हिचा आता काय उपेग? कशाला पायजे तुला?"

आत्याबाईंनी एकदा म्हातारीकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं.

"आवं, तुमी आला तवा तुमचा काय उपेग हुता?" त्या म्हणाल्या. "तरणेपण समदं फौजेला दिलं. माझ्याकडं आला तवा गुडघं धरल्यालं, तोफांनी एक कान गेल्याला. नांगर धरता यीना, धार काढता यीना. मी इचारलं का, कशाला पायजे म्हणून? पाट मांडला, ताट वाढलं."

मामंजींनी खाली वाकून म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "मग इतकं दिस नगं नगं का म्हनत हुतीस?"

"तीन कुत्री आणली तवा मला इचारलं व्हतं? फौजेत जाताना तरी इचारलं व्हतं?"

मामंजी खुर्चीवरून उठले. फेटा काढून हातात घेतला. खुर्ची जरा पुढं सरकवली आणि म्हणाले, "बस."

माणसं बघत होती रस्त्यावरून. आत्याबाई बसल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. टोकाला टेकल्या, खुर्ची मोडून पडली तर, अशा बेतानं. म्हातारी उठून त्यांच्या पायांवर जाऊन पडली. आत्याबाई म्हणाल्या, "हिला बांधून कशाला ठिवायची? आज दिसभर मी हितं बसती. बगू कोण लाडू घालतंय." आणि खरंच बसल्या.

मी दारात पिठाच्या हातांनी उभी होते. माझाही नवरा फौजेतच होता. तो कधी, कसा होऊन माझ्याकडं परत येईल, हे त्या सकाळपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. मला एकदम रडू फुटलं आणि तव्यावरची भाकरी जळाली. आत्याबाईंना ओसरीवर वास गेला. तिथूनच त्या ओरडल्या, "सूनबाई, ती टाकू नगं, हिकडं आण." मी नेऊन दिली. त्यांनी तिचे तुकडे केले, काळी बाजू खरवडून काढली आणि एकेक तुकडा म्हातारीच्या तोंडापुढं धरला. तिनं सावकाश चावून सगळी खाल्ली.